ब्रेकवॉटरचं बोलणं

ब्रेकवॉटर एका दमात बोलून गेला, आणि थॅडियस गेन्सच्या चिमट्यातला दात निसटून टेबलाखाली गेला. वरचा डावा सुळा होता, कुणा म्हातारीच्या कवळीसाठी सकाळपासून घासूनपुसून त्यानं तो रंगाला आणला होता. तो वाकलाच नाही. प्लास्टरच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनकडे बघत राहिला. महिनाभर नव्या अंकाच्या ज्या नमुन्याच्या पानांची वाट पाहिली ती आली होती. पुलावर उभा ब्रेकवॉटर, नवा लांब कोट, खाली कायहोगा नदी फुगलेली, मागे क्लीव्हलंडचे दिवे. आणि तोंडापासून निघालेला मोठा पांढरा फुगा: या शहरात पाणी माझ्या परवानगीशिवाय इंचभरही पुढे येणार नाही. सबंध वाक्य. कुठे एक अक्षर दोनदा नाही, कुठे आडवी रेघ नाही, श्वास घ्यायलाही जागा नाही. थॅडियसनं ते बोटांनी मोठं करून पाहिलं, जणू रेघा बारीक झाल्या असतील, सापडतील. अक्षरं मोठी झाली तशी आणखीच गुळगुळीत झाली. बस सुटल्याचं लांबून दिसतं तेव्हा होतं तसं त्याला झालं. आणि हे काही दुःख नव्हे, हे त्यालाही कळत होतं. एका बंद पडलेल्या कॉमिकमधल्या, लाटा अडवणाऱ्या माणसाच्या बोलण्यावरून शेचाळीस वर्षांच्या माणसानं काम टाकून बसावं असं हे नव्हतंच. तरी तो बसला होता.

ओअरबोट कॉमिक्स ही याच शहरातली, एका जोडप्यानं आणि चार मित्रांनी मिळून काढलेली छोटीशी कंपनी. मोठ्या कंपन्यांच्या नायकांसारखे त्यांचे नायक कधी न्यूयॉर्कला गेले नाहीत. ते इथल्याच धक्क्यांवर, इथल्याच गल्ल्यांत राहिले, त्यांचे चेहरे थॅडियसच्या गल्लीतल्या माणसांसारखे काळे होते, आणि अडीच-तीन वर्षांत, पुलावरून ब्रेकवॉटर खाली पडत असतानाच्या चित्रावर, सगळं बंद झालं. पुढचा अंक आलाच नाही. थॅडियस तेव्हा तेरा वर्षांचा होता आणि त्यानंतर कितीतरी दिवस तो दुकानात जाऊन नुसता उभा राहायचा. विचारायचा नाही. विचारायला तोंड उघडावं लागलं असतं. आता एवढ्या वर्षांनी कंपनी पुन्हा सुरू होणार अशी बातमी आली तेव्हा त्याला आनंद झाला होता, हे खरं. पण त्या आनंदाच्या आतच एक बारीक कंप होता, आणि तो कंप कशाचा हे त्याला आज, या गुळगुळीत वाक्यापाशी कळलं. त्याला हा माणूस परत हवा होता. हा की तो?

ब्रेकवॉटर त्याला पहिल्यांदा भेटला न्हाव्याच्या दुकानात. आई कापड गिरणीतून सुटेपर्यंत शनिवारी त्याला तिथे बसवून जायची. मोठी माणसं एकमेकांच्या टोप्या उडवत, बायकांवरून, बेसबॉलवरून भांडत, आणि तो कोपऱ्यातल्या जुन्या मासिकांच्या ढिगात. शाळेत त्या आठवड्यात हजेरीच्या वेळी ‘हजर’ हा शब्द त्याच्या घशातच राहिला होता; बाईंनी मान वर केली, वर्गानं मान वळवली, मागून कुणीतरी बंद पडलेल्या मोटारीचा आवाज काढला. ढिगातून हाताला आलेल्या अंकात एक पूर येत होता, महापौर गाडीतून उतरून पोलिसांवर ओरडत होता, आणि पाण्यात कमरेपर्यंत उभा असलेला तो प्रचंड माणूस म्हणत होता: ब-ब-बाजूला व्हा. छापलेलं. तीन ब. थॅडियसला आधी वाटलं की कुणीतरी चेष्टा केली आहे, पुढच्या चौकटीत कुणीतरी हसेल. त्यानं पान उलटायला फार वेळ लावला. पुढच्या चौकटीत कुणीही हसलं नव्हतं. काठावर गर्दी उभी होती, टोप्या घातलेले कामगार, एक पोर कडेवर घेतलेली बाई, आणि सगळे बघत होते, तोंडं अर्धवट उघडी ठेवून थांबले होते. त्याचं बोलून होईपर्यंत. घड्याळाकडे कुणी बघत नव्हतं. पुढे कित्येक वर्षं तो ब्रेकवॉटरकडे कमी आणि त्या गर्दीकडे जास्त बघत आला. अशी माणसं कुठेतरी असतात, नाहीतर ती कुणाला काढता कशी आली असती?

संध्याकाळी त्याची बायको कोराली कामावरून आली. ती म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात नर्स होती, दिवसभर मरणाच्या जवळ असायची आणि घरी आल्यावर भरपूर बोलायची. येताना तिनं कोपऱ्यावरून सॉसेज आणलं होतं, वर बटाट्याचे काप आणि कोबी कोंबलेलं. थॅडियसच्या पुढचं तसंच थंड होत गेलं.

“कोण मेलं?” तिनं विचारलं.

“क-क-कुणी नाही.”

“मग जेव की. चेहरा बघ आरशात. मी आज दोघांना पोचवून आले, त्यांचे चेहरे याहून बरे होते.”

त्यानं फोन पुढे सरकवला. तिनं बोटं पुसली, वाचलं, खांदे उडवले. “छान आहे. कोट तर झकासच आहे.” मग त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा वाचलं, या वेळी ओठ हलवत. “अच्छा,” ती हळू म्हणाली. “अरे, पण चांगलंच आहे ना हे, थॅड? एवढी वर्षं झाली. बरा झाला असेल तो.”

बरा. तिच्या मनात वावगं काही नव्हतं. ती दिवसभर माणसं बरी व्हावीत म्हणूनच राबायची, आणि होत नसत. पण तो शब्द माशाच्या काट्यासारखा अडकला तो अडकलाच. म्हणजे तेव्हा तो आजारी होता. म्हणजे ज्याच्या शेजारी बसून मी शाळा संपवली, तो त्या सगळ्या काळात औषधाची वाट बघत होता, आणि आता त्याला ते मिळालं आणि तो निघून गेला. रात्री जेवण झाकून ठेवल्यावर त्यानं चाहत्यांच्या गटात लिहिलं. लिहिताना त्याला कुठेच थांबावं लागत नसे. लिहिताना तो इतरांपेक्षा भराभर बोलायचा. नव्या अंकात त्याचं अडखळणं काढून टाकलंय का, कुणाला काही माहीत आहे? उत्तरं ताबडतोब आली. कुठलं अडखळणं, भाऊ? एकानं लिहिलं, तू भलतंच कॉमिक वाचत होतास. दुसरा म्हणाला, तो घाबरला की तसा बोलायचा, बस्स. तिसऱ्यानं खात्रीनं सांगितलं की ती छपाईतली भानगड होती, तेव्हा शाई पसरायची. आणि मग सगळे पुन्हा कोटाकडे वळले. कोट बघितला का, कोट! थॅडियसनं फोन पालथा ठेवला. कपाटातून खोकं काढलं, मांडीवर जुने अंक घेऊन बसला. अडखळणं होतं. पानापानावर होतं. प-प-पोरांना आधी. न-नाही, मी जाणार नाही. शांत बसून कॉफी मागतानासुद्धा तो अडखळत होता, मग भीती कसली? पण बघता बघता त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास ढळला. खरंच शाई पसरली असेल तर? त्यानं एका अक्षरावरून बोट फिरवलं. इतक्या वर्षांत ज्याला धरून उभं राहिलो तो कठडा आहे की भिंतीवर पडलेली कठड्याची सावली, हे असं बोट फिरवून कळत नाही.

आणि आईचं आठवलं. आठवायला नको होतं. चर्चमध्ये आई शवपेटीत होती, तिच्या जांभळ्या हॅटसकट, आणि थॅडियस पुढे जाऊन माइकपाशी उभा राहिला होता. एकच वाक्य म्हणायचं होतं. आई गिरणीतून आल्यावर माझं बोलून होईपर्यंत कोट काढायची नाही, एवढंच. पहिला शब्द आला नाही. ओठ चिकटले, मान ताठली, डोळ्यांपुढे पहिल्या रांगेतल्या मावशांचे पंखे हलत राहिले. पाद्री भला माणूस होता. त्यानं मायेनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ‘आमेन’ म्हटलं, आणि सगळं चर्च गायला लागलं, आणि थॅडियस जाग्यावर येऊन बसला. सगळ्यांना वाटलं त्याला रडू आलं. ते वाक्य अजून त्याच्या तोंडात होतं. कोरालीलाही त्यानं ते सांगितलं नव्हतं.

पहिला अंक ज्या बुधवारी यायचा, त्याच संध्याकाळी ब्रेकवॉटरचा कर्ता, ऑडेल मार्चबँक्स, कॉलिनवुडमधल्या बर्नी कुझमाच्या कॉमिकच्या दुकानात येणार होता. थॅडियस दिवसभर दात घासत एक प्रश्न घासत राहिला. कठीण अक्षरं काढून सोपी घातली. ‘ब्रेकवॉटर’ टाळायचं, ‘तो’ म्हणायचं. ‘बोलणं’ टाळायचं, ‘शब्द’ म्हणायचं. दुपारपर्यंत प्रश्न इतका चोपडा झाला की त्याला त्याचीच किळस आली. हे तरी मी दुसरं काय करतोय? सेंट क्लेअर रस्त्यावरून जाणाऱ्या बसमध्ये सरोवरावरचा गार वारा फटीतून आत येत होता, आणि दोनदा त्याला वाटलं, उतरावं, परत जावं, अंक काय उद्याही मिळेल.

दुकान भरलेलं होतं. बर्नी, पांढऱ्या दाढीचा अगडबंब माणूस, थॅडियसला वीस वर्षं ओळखत होता. तो आत आला की न विचारता त्याचे अंक काढून पुढे ठेवायचा. आजही ठेवला. “घे. पहिल्या गठ्ठ्यातला. काय रे, घाम फुटलाय तुला थंडीत!” पुढे टेबलामागे ऑडेल मार्चबँक्स बसला होता, उंच, वाळलेला, आवाज मात्र चर्चच्या ऑर्गनसारखा. त्याच्या मागे, पुस्तकांच्या मांडणीला खुर्ची टेकवून, करडा कोट मिटून मांडीवर घेतलेली एक म्हातारी बाई. त्याची बायको असावी. ती कुणाशी बोलत नव्हती. थॅडियसनं उभ्या उभ्याच अंक चाळला. शेवटपर्यंत गुळगुळीत. कॉफीही तो सरळ मागत होता.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. पुलावरून पडल्यावर तो वाचला कसा, सिनेमा होणार का, कोट कुणी काढला. ऑडेल मजेत उत्तरं देत होता, लोक हसत होते. मग थॅडियसला आपला हात वर गेलेला दिसला. बर्नीनं आश्चर्यानं त्याच्याकडे बघितलं. दुकान शांत झालं आणि दिवसभर घासलेला प्रश्न डोक्यातून साफ पुसला गेला. उरला तो जुनाच, सगळी कठीण अक्षरं असलेला.

“ब-ब-ब्रेकवॉटरचं ब—” आणि अडलं. मान ताठली. कुणाचा तरी फोन वाजला, घाईनं बंद झाला. एका पोरीनं जमिनीकडे बघितलं. “ब-बोलणं. पूर्वी तो, तो, माझ्यासारखा ब-बोलायचा. ते कुठे गेलं?”

ऑडेल पुढे झुकला. “अरे देवा! ते तुझ्या लक्षात आहे?” तो मोकळेपणानं हसला. “ऐक, पोरा, आता सांगायला हरकत नाही. मी तसं कधीच लिहिलं नव्हतं. फुग्यांतली अक्षरं हातानं लिहायची असायची, ते काम घरातच व्हायचं, आणि पहिलाच अंक छापून आला तेव्हा मी बघतो तर माझा नायक चाचरतोय! केवढं भांडण झालं आमचं! पण छापलेलं परत घेता येत नाही, मग तसंच चालू ठेवावं लागलं. आता अक्षरं कॉम्प्युटरवर होतात. जुनी चूक निस्तरली एकदाची.”

लोक हसले. दुष्टपणानं नाही, जुन्या माणसाच्या गमतीला हसावं तसं. थॅडियसनं स्वतःला विचारताना ऐकलं, आणि ती ग-ग-गर्दी? पुराच्या काठावरची माणसं, ती त्याचं ऐकत होती ना? “ती?” ऑडेल म्हणाला, “ती पाण्याकडे बघतायत. पूर चढतोय ना.” आणि तो पुढच्या हाताकडे वळला.

म्हणजे तेही नाही. थॅडियसला जमीन फार लांब गेल्यासारखी वाटली. पण याच क्षणी त्याचं लक्ष त्या बाईकडे गेलं. तिनं मान वर केली होती. तिचा खालचा ओठ वरच्या दातांखाली गेला होता, हनुवटी किंचित थरथरली, गळ्याची शीर उभी राहिली. मग काहीच बाहेर न येता ओठ मिटले आणि तिनं कोटाची घडी नीट केली. दातांत नि तोंडांत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्याला आतून ओळखीचं होतं ते. ती घडी नीट करणंसुद्धा.

सह्यांसाठी रांग लागली. ऑडेलनं त्याच्या अंकावर मुखपृष्ठभर मोठी सही केली आणि त्याचा हात दाबला. थॅडियस बाहेर जाण्याऐवजी टेबलाला वळसा घालून मागे गेला.

“मिस विनी,” बर्नीनं वयस्कर बायकांना हाक मारायच्या इथल्या रीतीनं म्हटलं, आणि खुर्ची पुढे सरकवत ओळख करून दिली, “हा म्हणजे माझं जुनं गिऱ्हाईक. पोरगा तुमच्या अंकांची पारायणं करतो.” आणि तो तिथेच रेंगाळला.

“त-त-तुम्ही लिहायचात,” थॅडियस म्हणाला. “अक्षरं.”

तिनं मान डोलावली. “तो मला क-कागद द्यायचा,” ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण घाईतला नव्हता. “मी आधी मोठ्यानं वाचायची. मग जसं ऐकू यायचं, तसं ल-ल-लिहायची. मला वाटायचं सगळे तसंच करतात.” तिनं नवऱ्याच्या पाठीकडे बघितलं. “ऑडेल म्हणतो तसं नाही हं. ती माझी च— च-च—”

शब्द अडला. तिचे डोळे अर्धवट मिटले. थॅडियसला ते बघवेना. त्याच्या तोंडून निघून गेलं, “चूक?”

त्याचं त्यालाच कळलं. बसवाले, दुकानदार, डॉक्टर, शाळेतल्या बाई, भली भली माणसं आयुष्यभर त्याच्याशी हेच करत आली होती, आणि दर वेळी भलताच शब्द त्याच्या तोंडात घालून निघून गेली होती. आता तो त्यांच्यातला होता. आणि दुसरा कुठलाही शब्द नाही सुचला त्याला. नेमका हाच. म्हणजे आपल्या मनात, खोल, इतकी वर्षं हाच होता.

तिनं डोळे उघडले. रागावली नाही. नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा, मुळापासून, तो शब्द सुरू केला. थॅडियसनं दोन्ही हात खिशात घातले आणि तो थांबला. मागे रांगेत लोक बोलत होते, ऑडेलचं हसू ऐकू येत होतं, काचेवर वारा आपटत होता. तो फक्त तिच्या तोंडाकडे बघत होता.

“च-च-चाल,” ती म्हणाली. “ती माझी चाल होती. गाण्याला अ-असते तशी.”

“हो,” थॅडियस म्हणाला.

“त्यानं या वेळीही विचारलं होतं मला. अक्षरं लिहितेस का म्हणून. मीच नको म्हटलं. म्हटलं, क-कुणाला हवंय ते?” तिनं सुजलेल्या सांध्यांची बोटं पसरून दाखवली, जणू तेच खरं कारण होतं, आणि लगेच मिटून घेतली. “कुणी कधी क-काही बोललंच नाही रे.”

त्याला सांगायचं होतं. न्हाव्याचं दुकान, तीन ब. त्यानं नुसता अंक पुढे केला. तिनं मुखपृष्ठ बघितलं, तिथे नवऱ्याच्या सहीनं जागाच ठेवली नव्हती. तिनं पिशवीतून चष्मा काढला, पेन काढलं. पानं उलटत गेली आणि नदीच्या एका मोठ्या चित्रापाशी थांबली. पुष्कळ रिकामं पाणी होतं तिथे.

“नाव क-काय तुझं?”

नाव. नावाला दुसरा सोपा शब्द नसतो. थॅडियसनं श्वास घेतला आणि जीभ दातांना चिकटली. “थ—” शेजारी बर्नीनं तोंड उघडलं. वीस वर्षांच्या सवयीनं, मदतीला. मिस विनीनं त्याच्याकडे न बघताच पेन धरलेला हात वर केला. बर्नी गप्प झाला. रांगेतल्या दोघांचौघांनी वळून बघितलं आणि, काय झालं ते न कळून, तेही गप्प झाले. त्याची मान ताठली. या वेळी कुणी आमेन म्हणणार नव्हतं, सुटका नव्हती, आणि हे आजवरच्या कशाहूनही भयंकर होतं.

“थ-थ-थॅडियस,” तो म्हणाला. “थॅडियस गेन्स.”

तिनं पाण्यावर एक फुगा काढला. सांधे सुजलेले, तरी गोलाई चुकली नाही. मग त्या फुग्यात, जुन्या अंकांतली ती किंचित उजवीकडे कललेली अक्षरं एकामागून एक येत गेली. थ. आडवी रेघ. थ. आडवी रेघ. थॅडियस गेन्स. तिनं कुठेही घाई केली नाही. फुगा पुरा झाला तेव्हा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे जाणारी शेपटी राहिली होती. त्या चित्रात जवळ तोंड एकच होतं, ब्रेकवॉटरचं, आणि पेनाचं टोक क्षणभर तिकडे झुकलं. मग तिनं मान हलवली आणि शेपटी दुसऱ्या बाजूला वळवली, पाणी ओलांडून, चौकट ओलांडून, पानाच्या अगदी काठापर्यंत, जिथून पुढे तो उभा होता.